उलटा गठ्ठा

शुक्रवार, २१ नोव्हेंबर
दुपारची सुट्टी

लाडक्या भाचीबाईस,

मामाचे आशीर्वाद. तुझी मामी बरी आहे, एक गुडघा सोडून. नव्या गावी तू वेळेवर जेवत नाहीस, हे तिला इथं बसून दिसतं म्हणे. मी ठीक. लाँड्रीतला मोठा ड्रायर पुन्हा कुरकुरतोय, पण त्याचंही वय झालं, आमचंही झालं.

गेल्या आठवड्यातल्या मंगळवारी सकाळी मी काय केलं, ते आधी लिहून टाकतो. मागं ठेवलं तर कागद संपला म्हणून सही करून मोकळा होईन. मला मी ओळखतो.

नेहमीसारखा सगळ्यांच्या आधी गेलो. कुलूप काढलं, देवापुढे हात जोडले, बॉयलर लावला आणि मास्तरणीच्या टेबलावरचा आदल्या दिवशीचा गठ्ठा पुढ्यात घेतला. एकेक चादर मोडायची, नव्यानं घडी घालायची, बाजूला ठेवायची. निम्मा गठ्ठा झाला आणि मागं चाहूल लागली. ती दारात उभी होती. हातात डबा, अंगात कोट. तिच्या बाबांना कुठंतरी जायचं होतं म्हणून ते तिला लवकर सोडून गेले होते. ती माझ्या हातांकडे बघत होती. मी म्हणालो, "अगं, जरा धूळ बसली होती."

नुकत्याच धुतलेल्या चादरींवर धूळ. पन्नाशीला आलो, पण धड खोटं बोलता येत नाही.

मास्तरीण म्हणजे तूच आमच्याकडे आणलेली मुलगी. मुलगी कसली, तिशी ओलांडलेली बाई. हे नाव तू गेल्यावर पडलं. ओल्या बुटांनी आत आलं की ती मालकांनासुद्धा परत पाठवते, "पाय पुसून या." तुमच्या संस्थेनं तिला कामाला लावताना दिलेल्या कागदावर 'समजायला वेळ लागतो, सोबत लागेल' असं होतं. सोबत म्हणून तू तिच्या समोर उभी राहिलीस, काम शिकवलंस, आणि हळूहळू बाजूला होत एक दिवस निघून गेलीस. तुमची रीतच ती, हे तू मला तेव्हाच समजावलं होतंस. मग दर महिन्याला तुझं पत्र, "मामा, खरं सांग, तिला एकटीला जमतंय का?" आणि दर महिन्याला माझं उत्तर, "उत्तम."

उत्तम नव्हतं गं.

घडी तिची सुरेख. कड कडेवर अशी बसते की इस्त्रीवाला म्हणतो, हिच्या चादरीला माझी गरजच नाही. फक्त दोरा. हॉटेलच्या चादरींच्या एका कोपऱ्यात रंगीत टाका असतो, तुला आठवत असेल. निळा म्हणजे एका माणसाच्या पलंगाची, लाल म्हणजे दोघांच्या. तो कोपरा घडीच्या वर दिसायला हवा, नाहीतर तिथल्या बायकांना खोलीखोलीत चादर उलगडून बघत बसावं लागतं. हिचा दोरा कधी वर, कधी आत, कधी पार पोटात. तू गेल्यावर पहिल्याच आठवड्यात हॉटेलची तक्रार आली. मालक मला बाजूला घेऊन म्हणाले, "बघा, पुन्हा असं झालं तर मला विचार करावा लागेल." 

मी घाबरलो. आणि दुसऱ्या दिवसापासून लवकर यायला लागलो.

आमच्याकडची रीत तू पाहिली आहेस. कुणाचा गठ्ठा चुकला की मी तो त्याच्या टेबलावर उलटा ठेवतो. बोलत नाही. ज्याचा असेल तो पुन्हा करतो, आणि चहाच्या सुट्टीत मला मनसोक्त बोलून घेतो. तेवढ्या वेळात मुकादमानं, म्हणजे मी, उलट बोलायचं नाही. इस्त्रीवाल्याचा उलटा होतो, डाग काढणाऱ्या मावशींचा होतो. एकदा माझाच मी उलटा ठेवला होता, तेव्हा तर दोन दिवस चहा गोड लागला नाही.

मास्तरणीचा गठ्ठा एकदाही उलटा झाला नाही. आणि हे तिच्या लक्षात आलं होतं. उन्हाळ्यात एकदा सगळ्यांसमोर तिनं विचारलं, "मामा, माझा कधी उलटा का येत नाही?"

मी म्हणालो, "तुझं काम चांगलं असतं म्हणून."

इस्त्रीवाला खोकला. मावशी कपात बघत बसल्या. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. एकदा तर इस्त्रीवाल्यानं विचारलंही होतं, "मामा, तुम्ही लवकर येता ते देवासाठी की चादरींसाठी?" मी हसण्यावारी नेलं.

आता जे लिहितो ते तुझ्या मामीलाही सांगितलेलं नाही. पहिले काही दिवस मी भीतीपोटी लवकर गेलो. नंतर मला ते आवडायला लागलं. सकाळची शांतता, बॉयलरची ऊब आणि मी कुणाचं तरी झाकून नेतोय. मनात म्हणायचो, देवा, ही माझी तुझ्यापाशी सेवा. देवानं काही मागितलं नव्हतं. तिनं तर मुळीच नाही.

त्या मंगळवारी ती दिवसभर बोलली नाही. मावशी ओल्या चपलांनी आत आल्या, तरी नाही. बुधवारी ती आलीच नाही. गुरुवारी तिच्या बाबांचा फोन आला. "ती म्हणते, माझं काम मामाच करतात, मग मी कशाला जाऊ? मी काय सांगू तिला?" आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. मग ते म्हणाले, "पगाराच्या दिवशी ती मला चहा पाजते, साहेब. हॉटेलात. स्वतः ऑर्डर देते."

शनिवारी त्यांच्या घरी गेलो. ती आतल्या खोलीत, दार लावून. बाबांनी खुर्ची दाराजवळ ओढून दिली. मी दाराशी बोललो. म्हटलं, "तुझ्या घड्या मी मोडत होतो. तू गेलीस की दुसऱ्या दिवशी सकाळी. तुला न सांगता. चुकलो."

बाबा चहा ठेवायला गेले. मी पुढे म्हणालो,

"तुझा मंगळवारचा शेवटचा गठ्ठा तसाच आहे. त्याला कुणी हात लावलेला नाही."

आतून आवाज आला. "खोटं."

"येऊन बघ."

"तुम्ही धूळ म्हणाला होता."

चहा पिऊन परत आलो.

सोमवारी मालकांच्या खोलीत गेलो आणि सगळं सांगितलं. तिची नोकरी जाईल या भीतीनं इतके महिने जे झाकलं ते स्वतःच उघडायचं म्हणजे, बये, गुडघे मामीचेच दुखतात असं नाही. मालकांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "दोरा शिकायला तिला किती दिवस लागतील?"

"सांगता येत नाही."

"बाकीच्यांना किती लागले?"

"इस्त्रीवाल्याला अजून आलेला नाही."

ते हसले नाहीत, पण पेन खाली ठेवलं. "मग सगळ्यांना जे करता ते करा. तक्रार पुन्हा आली तर मात्र ती तिच्या नावावर जाईल, तुमच्या नाही." मला वाटतं, याहून सरळ बोलणं तिच्याबद्दल त्या इमारतीत कुणी केलं नसेल.

ती काल आली. टेबलावरचा जुना गठ्ठा वरून खालपर्यंत तपासला. तिच्याच घड्या होत्या. कोट काढून खुंटीला लावला. माझ्याकडे पाहिलं नाही.

आज सकाळी मी सगळ्यांच्या बरोबर गेलो. चहाच्या थोडं आधी तिनं गठ्ठा पूर्ण केला, माझ्याकडे सरकवला आणि हाताची घडी घालून उभी राहिली. वरच्याच चादरीचा दोरा आत. इस्त्रीवाल्यानं इस्त्री उचलून धरली. माझा हात सवयीनं त्या चादरीकडे गेला, अगदी वरच्या घडीला लागला. आमच्या गावच्या शाळेतले गुरुजी आठवले. चुकलेली बेरीज ते कधी पुसत नसत. पाटी परत हातात देत. त्या वयात ते फार निष्ठुर वाटायचे.

मी गठ्ठा उचलला आणि तिच्या टेबलावर उलटा ठेवला.

ती म्हणाली, "कुठं चुकलं?"

"दोरा. कोपऱ्यातला दोरा वर दिसला पाहिजे."

"दोरा?" तिनं चादर उलगडली, चारही कोपरे चाचपले, निळा टाका सापडला. "हा ताईंच्या बाजूला असायचा."

भाचीबाई, मी तिथंच स्टुलावर बसलो. तुम्ही दोघी चादर धरायचात, ती या टोकाला, तू त्या टोकाला, आणि दोऱ्याचं टोक नेहमी तुझ्या हातात असायचं. तू गेलीस आणि दोरा तुझ्याबरोबर गेला. त्याचं काय करायचं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तू नाहीस, मीही नाही. तुला दोष देत नाही. तू चुकून विसरलीस. मी रोज तो दोरा बघत होतो.

"मग आधी का नाही सांगितलं?" ती म्हणाली.

तेवढ्यात चहाची घंटा झाली, त्यामुळे उलट बोलायची सोय राहिली नाही. पूर्ण सुट्टीभर ती बोलत होती. मामांना दिसत नाही, मामांनी चष्मा बदलावा, मामा धूळ म्हणतात, मामांना मुकादम कुणी केलं. मावशी मधे तोंड घालायला गेल्या तर, "माझा गठ्ठा उलटा आहे, तुमचा नाही." इस्त्रीवाल्यानं स्वतःचं बिस्कीट तिच्या बशीत ठेवलं. मी मान खाली घालून चहा प्यायलो. फार दिवसांनी गोड लागला.

नंतर तिनं तो गठ्ठा पुन्हा केला. तीनेक चादरी अजून चुकल्या होत्या. पुन्हा उलटा ठेवला.

तुझ्या संस्थेला काय कळवायचं ते तू ठरव. माझ्याकडून एवढंच लिही की ती काम करते, चुकते, आणि बोलून घेते.

आजपासून फक्त आपलंच काम करणारा,
तुझा मामा