घडीवर चार इंच

मी, खाली सही करणारी, वय एकोणसत्तर पूर्ण, धंदा शिवणकाम (डोळ्यांमुळे हल्ली फक्त दुरुस्त्या), राहणार याच घरात, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. येत्या सोमवारी माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात काळजीचं कारण नाही, आणि तेच डॉक्टर चार-चार कागदांवर सह्या घेतात. माझं डोकं ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेलं नाही. ज्या घरात एक निर्णय व्हायला सहा वर्षं लागतात तिथे दडपण आणणार कोण?

१. राहतं घर माझ्या आणि ह्यांच्या, म्हणजे माझ्या पतींच्या, नावावर आहे. माझा अर्धा हिस्सा ह्यांना मिळावा. घर घेताना मला दाखवलंसुद्धा नव्हतं. सामान घेऊन आले तेव्हा कळलं की स्वयंपाकघराला खिडकी नाही. भिंतींचा रंग, मुलाची शाळा, मुलीचं स्थळ, सगळं ह्यांनी एकट्याने ठरवलं. मी ऐकून घेतलं. आता लिहून ठेवते आहे.

२. शिलाई मशीन आणि सगळ्या कात्र्या मुलीला. मोठ्या कात्रीने कागद कापू नयेत. कापलेच तर निदान माझं नाव घेऊन हळहळू नये.

३. बँकेतली ठेव, कलम ५ चा खर्च वजा जाता, मुलाला. त्याने फोनवरून वडिलांना "एवढं काय, ऑनलाइन मागवा" असं सांगणं तेवढं बंद करावं. लांबून बोलायला काय जातं!

४. माझी निळी लोकरी शाल नणंदेला. "शिवणकाम म्हणजे काय, बसल्या जागचं काम," असं ती चारचौघांत म्हणाली होती. शालीची एक कड उसवली आहे. ती तिने बसल्या जागी शिवून घ्यावी.

५. ड्रिल मशीन. हे कलम लांबेल, त्याला माझा इलाज नाही.

हे पाणीपुरवठा खात्यात मीटर दुरुस्त करायचे. निवृत्त झाल्यावर मागच्या खोलीत वर्कशॉप थाटलं आणि फिरती स्टुलं करायला लागले. बारा इंची गोल बैठक, मधोमध भोक, त्यात दांडा. भोक जरा तिरकं गेलं की बसणारा माणूस एका अंगाला कलतो. हातातल्या ड्रिलने भोक सरळ जाता जाईना, म्हणून टेबलावर ठेवायचं छोटं ड्रिल मशीन घ्यायचं ठरलं. आपल्या ऐपतीतलं, पण डुगडुगणारं नको. बस्स, झालं! दोनशे पानी वही घातली. तळ बिडाचा की पत्र्याचा, वेग बदलायला पट्टा की बटण, ड्रिलचं पातं धरणारा चक किती हलतो, टेबल वरखाली कसं होतं. समोरचे हार्डवेअरवाले एकदा वैतागून म्हणाले, "काका, मशीन बघताय की स्थळ?"

तरी पहिल्याच महिन्यात एक पसंत पडलं होतं. आठ इंची, सगळ्यांत स्वस्त. हे बँकेत निघाले होते. मी सहज पत्रकावरची आकृती बघितली आणि म्हटलं, "अहो, हे उलगडलेलं माप आहे. घडीवर चारच इंच."

झालं होतं असं, की आठ इंची मशीन काठापासून आठ इंच आत पोचतं, असं ह्यांनी धरलं होतं. प्रत्यक्षात मशीनच्या मागच्या खांबापासून पात्याच्या टोकापर्यंत जागा चारच इंच. आठ इंच रुंद फळीच्या मध्यावर पोचतं म्हणून त्याला आठ इंची म्हणायचं. ह्यांच्या बैठकीला सहा इंच हवे. उभा जन्म मीटर उघडणाऱ्या माणसाला ते दिसलं नाही. मला दिसलं, कारण मी रोज कापड घडीवर मापते.

हे परत खाली बसले. वही माझ्याकडे फिरवली आणि म्हणाले, "मग मोठ्यातलं बघू. तुला काय वाटतं?"

आमच्या लग्नाला तेव्हा पस्तीस वर्षं झाली होती. हा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला.

आता खरं ते लिहिते. त्यानंतर रोज संध्याकाळी चहा झाला की वही यायची. मी हातातलं काम टाकून बसायची. आणि मशीन पक्कं व्हायला आलं, की मी खोट काढायची. एकाचा आवाज फार, एकाचा पट्टा बदलताना बोटं चेपतील. वहीतलं चौथं, तेरा इंची, बिडाच्या तळाचं, त्यात शोधूनही खोट सापडेना. मी म्हटलं, रंग डोळ्यांत भरत नाही. हे म्हणाले, "तुझं बरोबर आहे." डोंबल बरोबर! चांगला हिरवा रंग होता.

गेल्या वर्षी ह्यांचा उजवा हात थरथरायला लागला. हातातलं ड्रिल घसरलं आणि डाव्या तळव्यात घुसलं. नऊ टाके पडले. त्या दिवसापासून मागच्या खोलीला कुलूप आहे. अकरा बैठका भोकावाचून पडल्यात. हे दिवसभर खुर्चीत बसून पंख्याकडे बघतात, संध्याकाळी तेवढी वही उघडतात. मला त्यांचा राग येतो, आणि त्याहून जास्त माझा. मी वेळेवर "घ्या" म्हटलं असतं तर तो हात फाटला नसता. सोमवारी माझं काही बरंवाईट झालं तर हे वही कोणापुढे ठेवणार? हा माणूस त्या खुर्चीतच संपेल.

सबब, माझ्या पश्चात पंधरा दिवसांच्या आत माझ्या ठेवीतून वहीतलं चौथं मशीन घेण्यात यावं. कोणाचंही मत विचारू नये.

दुरुस्ती: कलम ५ मधील वरचा आदेश रद्द. ही खाडाखोड माझीच आहे.

कारण असं, की साक्षीला बोलावलेले हार्डवेअरवाले सही करायची सोडून सगळं वाचत बसले. चष्मा काढून म्हणाले, "काकू, ते मशीन माझ्या दुकानात पडून आहे. त्यासाठी तुम्ही मरायची काय गरज?"

मला भयंकर संताप आला. त्यांचा नव्हे, माझा. एवढी साधी गोष्ट मला सुचू नये! साक्षीलाच आलेल्या गल्लीतल्या डॉक्टरांना चहा देऊन बसवलं, चपला घातल्या आणि रस्ता ओलांडून गेले.

मशीन दुपारी दोनला घरात आलं. हे कितीतरी वेळ खोक्याकडे बघत उभे राहिले. मग मागच्या खोलीची किल्ली शोधायला लागले. आत्ता पाच वाजत आहेत. ह्यांचा चहा गार झाला आहे. मशीन थरथरत नाही, त्यामुळे हाताचं चालून जातं आहे. चार बैठका झाल्या. मला फार बरं वाटतं आहे आणि रडूही येतं आहे. ह्यांनी अजून एकदाही मला हाक मारलेली नाही.

वरील मजकूर व दुरुस्ती मी वाचली, मला मान्य आहे.

सही (लिहून ठेवणार)

आमच्यासमक्ष सही केली, शुद्धीवर होत्या, जरा चिडलेल्या होत्या:
साक्षीदार १: गल्लीतले डॉक्टर, सही
साक्षीदार २: समोरचे हार्डवेअरवाले, सही

ठिकाण: राहतं घर, पुढची खोली
दिनांक: १७ फेब्रुवारी, मंगळवार