लुईस पदक लावत नाही

४ सप्टेंबर १९८८
लुईस आला! मार्व्याच्या फेरीबोटीतून उतरला तो पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, बूट हातात. इतकी वर्षं नौदलात, पण मनोरीचा चिखल विसरला नाही पठ्ठ्या!

पदक आयनेच त्याच्या बॅगेतून शोधून काढलं. आपली फौज लंकेला गेली तेव्हा याचं जहाज तिथे होतं. उलटलेल्या बोटीतली दोन माणसं याने भर समुद्रातून ओढून आणली, त्याबद्दलचं. अठरा तारखेला चर्चमधल्या मिसानंतर गावातर्फे सत्कार आहे. आय म्हणाली, "लावशील ना रे पोरा?" याने पदक परत बॅगेत टाकलं.

७ सप्टेंबर
आज सरळ नाही म्हणाला, तेही मोठ्या बहिणीला. "बाय, तू मधे पडू नकोस." भाव खातोय! आय तिकडे डोळे पुसत बसली.

हाच लुईस लहानपणी पाणी बघून बोंब मारायचा. पाठीला सुका भोपळा बांधून मीच त्याला खाडीत उतरवलं. "बाय, सोडू नको, सोडू नको!" – मी कुठली सोडते! मग ओल्या चड्डीनेच चिंबोऱ्या पकडायच्या, चुलीत भाजून तिथेच खायच्या. काय दिवस होते! तो घरात आहे तरी त्या दिवसांची फार आठवण येते.

११ सप्टेंबर
वांद्र्याला मोत मावलीची, म्हणजे माउंट मेरीची जत्रा. मेणाचे पाय, डोळे, घरं – ज्याचं जे दुखतं ते मावलीला वाहायचं. आयने नवसाचं जहाज घेतलं. लुईसने मेणाचा हात घेतला. मी हसले – "हाताला काय झालं रे? चांगला धडधाकट आहे!"

पायऱ्यांवर बसून मग बोलला. पाण्यात तिघे होते. तिसरा दत्ताराम, मालवणचा, याच्याच जहाजावरचा जिगरी दोस्त. त्याचा हात याने धरून ठेवला होता. लाट आली, सुटला.

"दोघांचं पदक देतात, बाय. तिसऱ्याचं कोण विचारतो?"

माझ्या जिभेला काही हाड नाही.

१८ सप्टेंबर
सत्कार झाला. साधा शर्ट, छाती रिकामी. शेजारचे ग्रेगरी अंकल सगळ्यांसमोर म्हणाले, "मोठा झालास, आता गावाची लाज वाटते काय?" आय मान खाली घालून बसली. मला उठून ओरडावंसं वाटलं.

घरी आल्यावर बोलता बोलता लुईसकडून पत्ता काढून घेतला आणि दत्तारामच्या आईला पत्र टाकलं. त्याला न सांगता. जे झालं ते लिहिलं, आणि तो अजून झोपेत मूठ आवळतो तेही.

२ ऑक्टोबर
फेरीतून द्रौपदीबाई उतरल्या. दत्तारामची आई. पाणीसुद्धा घेतलं नाही. पदक मागितलं आणि लुईसच्या शर्टाला स्वतःच्या हाताने लावलं.

"माझो झील एकटो नाय रे गेलो. तू होतंस."