मूस तुझ्या बाजूने आला

ग्रँड मरे, मिनेसोटा
ऑक्टोबर संपत आला

प्रिय ऑर्विल,

पहिला नमस्कार तुझ्या नव्या खुब्याला, मग तुला. वयाने तो लहान असला तरी तुझा सगळा भार त्याच्यावर आहे, तेव्हा मान त्याचा. कसा आहे तो? जिना चढू देतो का? तुझ्या लेकीला, जोलीनला, अनेक आशीर्वाद. तुझ्या जावयालाही नमस्कार सांग, पण फोनवर मला 'सर' म्हणत जाऊ नको म्हणावं. मला वाटतं कोणीतरी विमा विकतंय, आणि मी फोन ठेवून देतो. (मागच्या रविवारी फोन कटला तो असा. रागावला असशील तर त्याच्यावर रागाव.) फ्लोरिडाच्या उन्हात तू काळा झालास असं जोलीनने कळवलं. तुमच्या कांगासांच्या घराण्यात आजवर कोणी काळं झाल्याचं ऐकिवात नाही, तेव्हा डॉक्टरला एकदा दाखव.

इकडे सगळं ठीक. सरोवर जागच्या जागी आहे. उन्हाळी पाहुणे गेले, रस्ते मोकळे झाले, लोर्नाने हॉटेलची अर्धी टेबलं भिंतीला लावून त्यांवर खुर्च्या उलट्या टाकल्या. पहिला बर्फ पडून वितळला, रस्त्यांवर मीठ मारून झालं. म्हणजे आता एप्रिलपर्यंत इथे आपणच. आपण म्हणजे मी.

पत्राचं कारण तुझा तो कॅमेरा. जायच्या दिवशी जोलीन गाडी चालू करून बसलेली असताना तू खिशातून काढून माझ्या हातात कोंबलास आणि म्हणालास, "हा घे माझ्या बदली. हा बडबड करत नाही." मी तेव्हा काही बोललो नाही, कारण जोलीनचा पाय अॅक्सिलरेटरवर होता. पण आज स्पष्ट सांगतो, ऑर्विल, की मला तो माझा अपमान वाटला. मी व्यावसायिक माणूस. माझा डीएसएलआर कॅमेरा लांब लेन्ससकट उचलला तर बाळसं धरलेल्या पोराएवढा भरतो. तीस वर्षं असलं धूड गळ्यात घालून माझा एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली आला आहे, आणि चर्चमध्ये मागच्या बाकावरचे लोक स्तोत्र म्हणताना माझ्याकडे बघून मान तिरपी करतात. अशा माणसाच्या हातात तू साबणाची वडी ठेवलीस! उन्हाळाभर ती गाडीच्या खणात किल्ल्या आणि खोकल्याच्या गोळ्यांत पडून होती.

मूस, घोड्याहून उंच अशी ती हरणं, माजावर यायचा मोसम लागला तेव्हा कॅलेंडरच्या फोटोंसाठी मला पहाटे बाहेर पडणं भाग झालं. पहिल्याच दिवशी सवयीने तुझ्या दारासमोर गाडी थांबवली. हॉर्न नाही वाजवला. (शेजारच्या एल्साबाईंनी पडदा सरकवून पाहिलं, म्हणून उतरून टायर तपासल्यासारखं केलं. टायर उत्तम आहेत.) मग निघालो, पण शेजारची जागा अशी रिकामी की वळणावर गाडीला तोल नाही. तुझं वजन काय थोडं होतं का! शेवटी खणातून तुझा तो धाकटा कॅमेरा काढून तुझ्या जागेवर ठेवला. प्रत्येक वळणाला तो घसरून खाली पडायचा, म्हणून तिसऱ्या दिवशी त्याला पट्टा लावला. यात हसण्यासारखं काही नाही. सुरक्षेचा प्रश्न आहे. पण परतताना लोर्नाकडे सूप प्यायला थांबलो, थोरला टेबलावर मावेना म्हणून बाकावर ठेवला आणि धाकटा समोर, मीठदाणीजवळ. लोर्ना आली, तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा समोर.

"त्यांना काय आणू?" म्हणाली.

"कोणाला?"

"पाहुण्यांना. की तुमच्यातलंच खातील थोडं?"

सगळं हॉटेल हसलं. (सगळं म्हणजे दोघे.) मीही हसलो. तिने दोन चमचे आणून ठेवले आणि ते शेवटपर्यंत उचलले नाहीत. बाई मनाने चांगली आहे, पण जीभ तुझ्यासारखीच.

आता धाकट्याचे गुणदोष निष्पक्षपणे सांगतो, म्हणजे तुला तुझ्या बदलीची किंमत कळेल. तो कॉफी ओतून देत नाही. नकाशा उलटा धरत नाही, कारण धरतच नाही. तू मोठा मासा सोडून दिल्याची गोष्ट सांगत नाही, हा त्याचा गुण म्हणून मी पहिल्या आठवड्यात लिहून ठेवणार होतो. दुसऱ्या आठवड्यात ती गोष्ट मीच त्याला सांगितली. मासा माझ्या सांगण्यात जरा लहान झाला. तू असतास तर मला मध्येच तोडलं असतंस.

आणि आता मुख्य प्रकार. मागच्या मंगळवारी मी गनफ्लिंटच्या रस्त्यावर, आपल्या त्या तळ्यापाशी, गाडी कडेला लावून बसलो होतो. माझ्या बाजूच्या खिडकीत उशी, उशीवर थोरला, आणि थोरल्याच्या मागे मी, एक डोळा मिटून. तळ्यापलीकडे एक मादी पाण्यात तोंड घालून उभी होती. मादी आहे म्हणजे नर येणार, हा तुझाच सिद्धांत. वाट बघत बसलो. मान आखडली, पाय झोपले. लांब लेन्सचा एक धर्म आहे, ऑर्विल. पलीकडच्या काठावरच्या मादीच्या पापण्या मोजता येतात, आणि तुमच्या शेजारी काय चाललंय ते परमेश्वराला ठाऊक. त्या बाजूची जबाबदारी आजवर तुझी होती. मागे वळून पाहायची गरज मला तीस वर्षांत पडली नव्हती.

नर आला. तुझ्या बाजूने आला. गाडी हलली तेव्हा मला वाटलं वारा आहे. मग खरखर आवाज यायला लागला, लाकडाला कानस मारावी तसा. वळून पाहतो तर तुझ्या खिडकीत सबंध मूस! गाडीच्या दाराला रस्त्यावरचं मीठ चिकटलेलं होतं, ते तो चाटत होता. तुला गाडीत गुदमरतं म्हणून तुझी काच चार बोटं खाली ठेवायची सवय आहे ना, ती अजून तशीच ठेवतो (का ते विचारू नकोस, काच माझी आहे), त्या फटीतून त्याने नाक आत घातलं आणि असा श्वास सोडला की सगळ्या काचांवर धुकं.

असा क्षण आयुष्यात एकदा येतो, आणि हातात व्यावसायिक दर्जाचा कॅमेरा होता. मी तो खिडकीतून आत ओढून फिरवायला गेलो. लेन्स आधी छताला लागली, मग माझ्या हनुवटीला. शेवटी कशीबशी मुसाकडे वळली तेव्हा आत काय दिसलं? काळं. दुसरं काही नाही, नुसतं अस्पष्ट काळं. नाकपुडी होती बहुतेक. त्या लेन्सला जवळचं दिसतच नाही. तिला माणूस असो की जनावर, आधी दहा पावलं लांब जाऊन उभं राहावं लागतं. मुसाला मी ते कसं सांगणार? म्हणून मागे सरकलो आणि पाठीने हॉर्न वाजला.

मुसाने मान झटकली, आणि तुझ्या बाजूचा आरसा त्याच्या शिंगाने गेला. (पुढच्या फोनवर मला बरा दिसणारा वापरलेला आरसा कुठे मिळेल ते सांग.) पण तो पळाला नाही. चार पावलं मागे गेला, थांबला, आणि पुन्हा खिडकीपाशी येऊन आत बघत राहिला. माझ्याकडे नाही. तुझ्या जागेकडे. तेव्हा मी थोरल्याला मांडीवरून खाली ठेवला, धाकट्याचा पट्टा सोडला आणि एका हाताने, डोळा न मिटता, एकच फोटो काढला. नाक, धुकं, शिंगं, तुटलेला आरसा, रिकामी जागा, जागेवर तुझा तो भोक पडलेला हातमोजा. सगळं मावलं. मग मूस कंटाळला आणि गेला.

पुढचं लवकर सांगतो, कारण त्यात माझी शोभा नाही. गाडी वळवताना उजवीकडे बघायला आरसा नव्हता, 'अजून आहे जागा, अजून, बस!' म्हणणारंही कोणी नव्हतं, आणि मागची दोन्ही चाकं चरात गेली. फोनला तिथे रेंज नसते हे तुला माहीत आहेच. ऊन उतरलं, थंडी चढली. थर्मासमध्ये दोघांची कॉफी होती (ती करतानाच तेवढी होते, भांड्याचं माप तसं आहे), ती सगळी मी प्यायलो. खरं सांगू, भीती नाही वाटली. पण एक विचार आला. मी घरी पोचलो नाही हे कोणाच्या आधी लक्षात येईल? बराच वेळ उमेदवार शोधत होतो. दुसऱ्या दिवशी बुधवार, आणि लोर्ना बुधवारी हॉटेल बंद ठेवते. एल्साबाईंना वाटलं असतं, टायर बदलायला गेला असेल.

अंधारायच्या सुमारास वरून दिवे येताना दिसले. माझा थोरला, एवढा महागाचा, त्याला स्वतःचा फ्लॅश नसतो; व्यावसायिकांच्या कॅमेऱ्याला तो ठेवतच नाहीत, कमीपणा वाटतो. वेगळा फ्लॅश घरी कपाटात. धाकट्याला मात्र आहे, नखाएवढा. मी चरातून वर चढलो, हात उंच केला आणि बटण दाबत सुटलो. बर्फ सारायचा ट्रक होता, चालवणारा आपला डुएन. करकचून थांबला, काच खाली केली.

"वेग बरोबर होता माझा!" तो ओरडला. "शपथेवर सांगतो, बरोबर होता!"

"अरे, मी लाइल आहे, पोलीस नाही. फोटो नाही काढत आहे तुझा."

"मग काय वाढदिवस आहे?" तो उतरला, चराकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, साखळी काढली. गाडी वर ओढून घेतली. मग हात पुसत म्हणाला, "ऑर्विल कुठाय?"

"फ्लोरिडाला."

"अजून?"

मी म्हटलं, खुबा आहे, वेळ लागतो. त्याने मान हलवली आणि माझी गाडी चालू होऊन डांबरी रस्त्याला लागेपर्यंत मागे ट्रकचे दिवे लावून ठेवले. मग घरापर्यंत मागे मागे आला. त्याचं घर उलट्या दिशेला आहे.

फोटो मी डुलूथच्या कॅलेंडरवाल्यांना धाडले. थोरल्याचे चाळीस, निवडक. आणि केवळ संख्या भरावी म्हणून धाकट्याचा तो एक. तिथे आता नवीन मुलगी आली आहे, ब्रिन नावाची. तिने फोन केला. थोरल्याचे चाळीसच्या चाळीस 'सुंदर' म्हणून बाजूला ठेवले, आणि तो एक मुखपृष्ठावर घेतला!

"कोणत्या लेन्सने काढलात हो?"

साबणाच्या वडीने, असं कसं सांगू? म्हटलं, "खास आहे एक. कमी लोकांकडे असते."

"आणि शेजारी कोण बसलं होतं? मूस त्यांच्याकडे बघतोय ना?"

मी म्हटलं, माझा मित्र ऑर्विल. जरा पाय मोकळे करायला उतरला होता.

ती म्हणाली, मग फोटोखाली दोघांची नावं देऊ. मी हो म्हटलं. चालेल ना?

तर आता कामाचं. त्या संध्याकाळी चरात फ्लॅश मारून मारून धाकट्याची बॅटरी मेली, आणि त्याचा चार्जर तुझ्याकडे गेला आहे. तुझ्या दाढीच्या सामानात बघ. एवढ्यासाठीच हे पत्र, बाकी विशेष काही नाही. खुब्याला जप. उन्हात टोपी घाल.

तुझा,
लाइल टॉर्केलसन

ता. क. चार्जर पोस्टाने पाठवू नकोस. नाजूक वस्तू आहे, वाटेत आपटेल. येताना घेऊन ये. घाई नाही. थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी आलास तर बरं, कारण भाजायची टर्की आणून ठेवली आहे आणि ती एकट्या माणसाच्या मापाची मिळत नाही.

ता. क. २. तुझ्या अंगणात 'विकणे आहे' अशी पाटी लागली होती. कोणाचा तरी पत्ता चुकला असणार, म्हणून मी ती उपटून माझ्या गॅरेजात ठेवली. दोन दिवसांनी पॅम नावाच्या एजंट बाईने दुसरी लावली. तीही ठेवली आहे, पावसात रंग जाऊ नये म्हणून पुसून. तिसरी तिने सिमेंटमध्ये बसवली. मला वाटतं तिला संशय आला आहे. तू किंवा जोलीनने तिला फोन करून चूक झाल्याचं सांगावं.

ता. क. ३. चूक नसेल तरी कळव. मी काही म्हणणार नाही, नातवंडं तिकडे आहेत, समजतं मला. फक्त गिऱ्हाईक निवडताना नुसती किंमत पाहू नकोस. उन्हाळ्यापुरते येणारे नकोत. हिवाळ्यात ज्याच्या खिडकीत दिवा दिसेल असा कोणी बघ. पहाटे उठणारा असावा. बाकी मी जमवून घेईन.