काकडीला दाखवलेलं बोट

आई, तू गेल्यावर कितीतरी वर्षांनी जन्मलेल्या तुझ्या नातवाबद्दल हे आहे. तो आता तीन वर्षांचा होईल. अजून बोलत नाही, म्हणून आज त्याला खांदेश्वरला एका मॅडमना दाखवायला नेलं. ऑटिझम आहे का हे बघायला त्या प्रश्न विचारतात आणि उत्तरं तीनच: नेहमी, कधीकधी, कधीच नाही. त्यावर गुण. मी तोंडी परीक्षेला बसल्यासारखी ताठ बसले होते. हाक मारली की बघतो का? कधीकधी. एखादी गोष्ट बोटाने दाखवतो का? 'कधीच नाही,' मी म्हटलं, आणि वर फुशारकीने, 'आमच्यात बोट दाखवत नाहीत.'

माझ्या डोळ्यांपुढे तू होतीस ना. परसदारी मांडवावर काकडीचा वेल चढलाय आणि मी ओरडतेय, आई, ती बघ. फटकन बोटावर तुझी चापट बसते. 'कवळ्या काकडीला बोट दाखवू नको गो, कुजते. मूठ दाखव.' मग मी मूठ उगारून काकड्या दाखवायचे. शेजारच्या काकूंना वाटायचं, पोरगी मारामारीला निघाली. तरी नवी काकडी दिसली की बोट आपसूक वर जायचंच. किती फटके खाल्ले, खोड गेली नाही.

मॅडम हसल्या नाहीत. 'ताई, तुमी शिकवलंत म्हणून दाखवत नाही, की त्याने कधी दाखवलंच नाही? विमान, कुत्रा, काहीपण?' मी त्याला हे कधी शिकवलंच नव्हतं. शिकवायची वेळच आली नव्हती, आणि मी त्याला वळणाचं पोर समजत होते. 'टेन्शन घेऊ नका, एका उत्तरावर काही ठरत नसतं,' त्या म्हणाल्या. मला ऐकू येत होतं, आत पोचत नव्हतं.

करंजाड्याला घरी आल्यावर त्याला घेऊन बाल्कनीत बसले. कुंडीतल्या वेलावर करंगळीएवढी काकडी धरलीय. मी सरळ बोट रोखलं. 'ती बघ, बाळा.' त्याने माझं बोट बघितलं, दोन्ही हातांनी धरलं. काकडीकडे बघितलं नाही. मी पुन्हा दाखवली, पुन्हा दाखवली. कुजली तर कुजू दे.

हे तुला पाठवायचं कुठे? मला भीती वाटतेय, आई. बोट अजून वरच आहे, आणि खरं सांगायचं तर मी तुझ्या फटक्याची वाट बघतेय.