सह्यांचा कागद

वेर्खोव्ये, ९ एप्रिल २०११

लाडके उल्या,

तुला, जावईबापूंना आणि मुलांना आशीर्वाद. मी बरा आहे. गुडघे सोडले तर तक्रार नाही. नदी अजून गोठलेलीच. तू पाठवलेला चहा पोचला.

परवा दुपारी डुलकी मोडली ती एका आवाजाने. उठून पाहिलं तर बाहेर काही नव्हतं. आवाज पन्नास वर्षांपूर्वीचा होता: शाळेपुढच्या खांबावरच्या कर्ण्याची खरखर, आणि मग ती बातमी, आपला माणूस अवकाशात गेल्याची. मुलं बाकांवर चढून नाचत होती. मी खडू हातात धरून रडत होतो. तेवीस वर्षांचा मास्तर, डोक्यात क्रमिक पुस्तकातल्या कविता. दुसरं काय होणार?

तुझा बाबा तिखोन जिल्ह्याच्या सभेत काय बोलणार, असं तू विचारलंस. आपल्या गावची दवाखान्याची खोली बंद करायचं चाललंय, त्यावर. सभा महिनाअखेर आहे. तिखोनचं भाषण पाठ झालंय, मला दोनदा ऐकवलं. "एकसष्ट साली आम्ही त्रेचाळीस जणांनी सह्या करून डॉक्टर मागितला. तुम्ही रॉकेट उडवलं. दोन वर्षांनी माझी ग्लाफिरा बाळंतपणात, जिल्ह्याच्या वाटेवर, बर्फावरच्या घसरगाडीत गेली. एका दिवसाची उल्या माझ्या कोटात होती."

हे तो जन्मभर सांगत आलाय. वरून जाणाऱ्या रॉकेटांचे तुकडे आपल्या रानात पडले की त्यांच्या पत्र्याच्या होड्या करायचा आणि मला म्हणायचा, "दादा, तुझ्या आभाळानं डॉक्टर नाही दिला, पत्रा दिला बघ. मासे धरायला बरा आहे."

मी म्हणायचो, "अरे, माणसाला भाकरीबरोबर आभाळही लागतं."

"लागतं ना. पोट भरलेल्याला."

मग आम्ही चहा प्यायचो.

या वेळी त्याने त्या जुन्या अर्जाची प्रत दफ्तरखान्यातून मागवली आहे. ती आणायलाच तो जिल्ह्याला गेलाय, सोमवारी परतेल. सभेत वाचून दाखवणार म्हणतो.

उल्या, तो अर्ज तिथे नाही.

अर्ज मीच लिहिला होता. गावात अक्षर माझं बरं. सही करताना तुझी आई हसून म्हणाली होती, "भावजी, यात कविता घालू नका हं. डॉक्टर, दोन खाटा आणि घसरगाडीला एक चांगला घोडा, एवढंच लिहा." मी तेवढंच लिहिलं. पहिल्या कागदावर मागणी, दुसऱ्यावर सह्या. टपाल गुरुवारी जायचं. बुधवारी कर्णा बोलला.

अशा दिवशी खाटा कोण मागतो, असं मला वाटलं. मी पहिला कागद चुलीत घातला आणि सह्यांना माझी सोळा कडव्यांची कविता जोडली, अंतराळवीराच्या अभिनंदनाची, आणि तेच टपालाने जिल्ह्याला पाठवलं. दवाखाना पुढच्या महिन्यात मागू म्हटलं. मग जिल्ह्यामार्फत मॉस्कोहून छापील आभारपत्र आलं. ते मी पेटीत दडवलं, आणि नवा अर्ज लिहायचा तर पहिल्याचं काय झालं ते सांगावं लागलं असतं. नाही लिहिला. गाव उत्तराची वाट बघत राहिलं. तुझी आईसुद्धा.

मागितला असता तर डॉक्टर मिळाला असता का? ठाऊक नाही. त्या ‘ठाऊक नाही’च्या आडोशाला मी पन्नास वर्षं काढली. आभाळ हवं, हे मी आजही म्हणेन. पण मागायचं होतं तर एकट्याच्या सहीने मागायचं होतं.

आईच्या स्मृतिदिनी आपण तिघं थडग्यापाशी जायचो तेव्हा तू लहानपणी माझं बोट धरायचीस, बाबाचं नाही. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. तिखोनला सांगायला तीनदा त्याच्या दारापर्यंत गेलो आणि मिठाचं निमित्त करून परतलो. खरं सांगू? ‘तूच त्याला सांग, तुझं तो ऐकतो’ असं लिहायलाच आज बसलो होतो.

थांब, दार वाजतंय.

तिखोन आहे. सोमवारी येणारा माणूस आजच दारात. टोपीवरचा बर्फ झटकत म्हणतो, "दादा, पाकीट मिळालं. फोडलं नाही. चष्मा घरी राहिलाय, आणि अक्षर तुझंच, तेव्हा तूच वाच. सावकाश वाच. आधी ग्लाफिराची सही कुठं आहे ती दाखव."

तो बूट काढतोय, तेवढ्यात एवढं लिहितो. तुला काही सांगायला लागणार नाही, पोरी. मी वाचतो.

तुझ्या आईचा अपराधी,
अर्सेनी काका