डाव्या खांद्याची रायफल

बाबा, तुमच्या नातीला तुम्ही पाहिलं नाहीत. आता सोळा वर्षांची आहे, डावखुरी आहे, उंचीत घरातल्या सगळ्यांना तिने मागे टाकलंय, आणि शारजात आमच्या घरापासून अर्ध्या तासावरच्या एका क्लबात ती एअर रायफल चालवते. हे तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही आधी विचारलं असतं, "जेवते का वेळेवर?" जेवते. आणि या हिवाळ्यात मी आणि तिने मिळून तिच्यासाठी रायफल बांधली. त्या कामात तुमचाही हात आहे, म्हणून लिहायला बसले.

अडचण अशी होती की क्लबातल्या सगळ्या रायफली उजव्या खांद्यासाठी. गाल टेकवायचा उंचवटा हिच्यासाठी नेमका नको त्या बाजूला. मान वाकडी करून ती नेम धरायची, तासाभरात मान आखडायची आणि छर्रे भरकटायचे. एका निवडीत बाहेर पडली तेव्हा गाडीत बसल्यावर म्हणाली, "नेक्स्ट टाइम टीममध्ये नाही आले ना, आय ॲम क्विटिंग." आवाजात राग नव्हता, म्हणूनच मला भीती वाटली. शाळेत चार शब्द बोलायला लाजणारी ही मुलगी त्या क्लबात गेली की शीळ घालत चालते. नव्या डावखुऱ्या रायफलची किंमत पाहिली, पंधरा हजार दिरहम. जावईबापूंनी लगेच मोठ्याने हिशेब केला, "म्हणजे साडेतीन लाख रुपये! एवढ्यात मीच डावखुरा होईन." तुम्हाला तुमचा जावई आवडला असता.

तोडगा काढला तिच्या कोचबाईंनी. त्या इजिप्तच्या, हसल्या की अख्ख्या रेंजवर ऐकू जातं. त्यांनी कपाटातून एक जुनी रायफल काढली. नळी उत्तम, पण खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता उभा चिरलेला. "लोहा अच्छा, लकडी खलास," त्या त्यांच्या हिंदीत म्हणाल्या. "लकडी तुम बनाओ." अट एकच. लोखंडी भाग क्लबाच्या नावावर, तो दाराबाहेर जाणार नाही आणि त्याचं काही नुकसान झालं तर ती रायफलही गेली आणि पुढच्या निवडीपर्यंत दुसरी मिळणार नाही.

मग आमचा दिवाणखाना म्हणजे कारखाना झाला. पुठ्ठा आणि चिकटपट्टीचा दस्ता केला. ती डोळे मिटून तो खांद्याला लावायची, मग डोळे उघडायचे आणि नजर आपोआप सरळ जाते का ते बघायचं. जात नसेल तर पुठ्ठा कापायचा. रायफल माणसाला बसली पाहिजे, माणसाने रायफलला बसायचं नाही, हे मला तेव्हा कळलं. नेम फ्रिजवरच्या लोहचुंबकाचा. तिचे बाबा पाण्याची बाटली घ्यायला आले की हात वर करून यायचे.

लाकडाचं काम दुबईच्या अल क्वोजमध्ये झालं. तिथे दापोलीच्या एका चाचांचं वर्कशॉप आहे, लोकांची किचन कॅबिनेट करतात. उरलेल्या बीच लाकडाच्या फळ्या त्यांनी एकावर एक चिकटवून दिल्या, यंत्रावर ढोबळ आकार काढला आणि कानस माझ्या हातात दिली. "ताई, आता तुम्ही घासा. मी घासली तर पोरगी म्हणेल चाचाची रायफल." घासलेला दस्ता घेऊन आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टकडे निघाले तर वॉचमन म्हणाला, "मॅडम, बॅट थोडा टेढा है." वर्कशॉपमधून निघताना चाचांनी इपॉक्सीच्या दोन बाटल्या आणि मेणाची डबी दिली होती. लोखंड लाकडात जराही हललं की नेम गेला, म्हणून मधली फट इपॉक्सीने भरायची असते. "पण आधी लोखंडाला मेण चोपडा," ते म्हणाले. "नाही चोपडलंत तर लोखंड-लाकडाचा निकाह लागतो, आणि सोडवायला काझीसुद्धा येत नाही."

शनिवारी क्लबात बसलो. मी दोन्ही बाटल्यांतलं कपात ओतलं, ढवळलं, ते कोमट व्हायला लागलं, म्हणजे आता घट्ट व्हायला थोडीच मिनिटं, आणि लेक म्हणाली, "आई, वॅक्स?" मेणाची डबी घरी ओट्यावर.

आणि एकदम मी लहान होऊन चिपळूणच्या आपल्या स्वयंपाकघरात उभी आहे. आई हॉस्पिटलात ड्यूटीवर, तुम्ही शाळेच्या ऑफिसातून येऊन नारळाच्या वड्या करताय. मिश्रण कढईच्या कडा सोडतंय आणि ताटाला तूप लावायचं माझं काम मी विसरलेय. "तूप आधी, पाक नंतर! पाक कुणासाठी थांबत नाही!" तुम्ही एवढे ओरडलात की शेजारच्या काकू डोकावल्या. वड्या ताटाला अशा चिकटल्या की ताट उलटं केलं तरी पडेनात. मी रडायच्या बेतात, तर तुम्ही ताट मधोमध ठेवलंत, दोन चमचे आणलेत आणि म्हणालात, "चल, खरवड." आई आली तेव्हा आपण दोघं ताटावर ओणवे होतो.

इथे खरवडून चालणार नव्हतं. मी पर्स उलटी केली. टाचांना लावायला गावाहून आणलेला कोकमतेलाचा गोळा होता, एसीमुळे दगडासारखा. तो तळहातात चोळून मऊ केला. लेक किंचाळली, "आई, नो! दॅट्स फॉर युअर फीट!" कोचबाईंनी वास घेतला, "हबीबती, चीझ है क्या?" मी म्हटलं, "चोळ. कोपरे सोडू नकोस. पाक कुणासाठी थांबत नाही." "व्हॉट पाक?" ती म्हणाली, पण चोळत राहिली.

लोखंड इपॉक्सीत बसवून रात्रभर आवळून ठेवलं. रविवारी स्क्रू काढले आणि ते ओढलं. हलेना. लेकीने ओठ दाबून धरले. कोचबाईंनी रबरी हातोडीने हलकेच ठोकलं, "यल्ला, चलो," मग पुन्हा एकदा, आणि टक् करून लोखंड वर आलं. स्वच्छ. इपॉक्सीत त्याचा ठसा असा उमटला होता की स्क्रूच्या भोवतीची रेघसुद्धा दिसत होती. तिघींनी एवढा आरडाओरडा केला की बाजूच्या रेंजवरचा माणूस धावत आला. मग टेबलावर टेकवून तिने पाच छर्रे मारले. कागदावर भोक एकच, जरासं फाटलेलं.

निवडीच्या दिवशी मी पार्किंगमध्येच थांबले, आत बसवेना. फोन आला. "आई, आय ॲम इन!" मग मराठीत, "आणि मान दुखली नाही."

परवा कोचबाई म्हणाल्या, मुलगी अजून वाढतेय, खांदे भरतायत, वर्षभरात हा दस्ता तिला आखूड पडणार. लेकीचा चेहरा उतरला. मीही वाईट वाटल्यासारखा चेहरा केला. पण बाबा, तुम्हाला म्हणून सांगते, मला इतका आनंद झाला की गाडी सुरू करण्याआधी मी चाचांना फोन करून नव्या दस्त्यासाठी फळ्या बाजूला ठेवायला सांगितलं. त्या दिवसापासून मी तिच्या ताटात एक पोळी जास्त वाढतेय. हे लिहिलेलं घरात कुणाला दाखवणार नाही. तिने वाचलं तर पोळी मोजून घेईल.