खरखर गेल्यावर

सोमवार, १३ नोव्हेंबर १९९५

आले एकदाची. कऱ्हाडहून निघताना आई म्हणाली होती, तिकडं ऊस आणि ऊन सोडून आहे काय? बारामतीहून इंदापूरच्या एसटीत बसले. कंडक्टरला मूकबधिर विद्यालय सांगितलं तर तो तिकीटच फाडेना. मागच्या बाकावरचे एक म्हातारबुवा म्हणाले, "हाकेचा माळ म्हणा की बाई," तेव्हा त्याला उमगलं. उतरताना तो माझ्याकडे लेकीला लांब दिल्यासारखा बघत होता.

शाळा म्हणजे दोन लांब खोल्या, वर पत्रा, तीन बाजूंनी उभा ऊस. संस्थेचे अध्यक्ष हिंदुराव स्वतः जीप घेऊन आले होते. जागा त्यांचीच. माळाला असं नाव का, असं विचारलं तर हसून म्हणाले, धनगर एकमेकांना हाका मारत असतील. पडून होती जागा, दिली शाळेला.

मुलं अकरा, सगळी इथंच राहणारी. स्वयंपाकाला आणि मुलांच्या मागे दगडाबाई. तिच्या भाकरीला तोड नाही आणि जिभेलाही नाही. आल्या आल्या माझी वेणी बघून म्हणाली, एवढीशी पोर काय शिकवणार.

वर्गात मंडपवाल्याकडून आणलेला जुना ॲम्प्लिफायर आणि भिंतीवर मोठा स्पीकर आहे. काही लावलेलं नसताना तो दिवसभर नुसता खरखरत असतो. बहिऱ्यांच्या शाळेत सगळ्यांत बडबड्या हाच. बंद करायला गेले तर दगडाबाईने हात धरला. "ऱ्हाऊ द्या बाई. आदल्या बाईबी चालूच ठिवायच्या." राहू दे म्हटलं, पहिल्याच दिवशी भांडण कशाला.

ॲम्प्लिफायर गरम होतो म्हणून त्याच्या टेबलाखाली ऊब असते. तिथं एक सात वर्षांची मुलगी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. प्रतिक्षा. ठार बहिरी, आजवर एक शब्द बोललेली नाही. मी वाकून बघितलं तर तिने माझी बांगडी पकडली आणि सोडेचना. मला ती फार आवडली.

बुधवार, १५ नोव्हेंबर

प्रतिक्षाचा हात माझ्या गळ्यावर ठेवून "बाई" शिकवते आहे. ओठ मिटायचे, उघडायचे, गळा थरथरला पाहिजे. अजून नुसती हवा येते. पण आम्हाला प्रशिक्षणात शिकवलेलं मी पाळते: मुलाने घशातून जरासा आवाज काढला तरी पहिल्याच वेळी ओ द्यायची. दुसऱ्यांदा वाट बघायला लावली तर त्याला वाटतं, आवाज काढून उपयोग नाही. मग ते कायमचं गप्प बसतं.

कानांची तपासणी सुरू केली. खरं यंत्र पुण्यात, इथं जुळवाजुळव. टेप, हा ॲम्प्लिफायर आणि अण्णांच्या, माझ्या वडिलांच्या, रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातला हेडफोन. अण्णा गेल्यापासून तो माझ्याकडेच आहे. कॅसेटवर "टूं" असे आवाज भरलेले, मध्ये मध्ये शांतता. आवाज आला की मुलाने पत्र्याच्या डब्यात चिंचोका टाकायचा. मुलांना हा खेळ भलताच आवडला.

पण ॲम्प्लिफायर पडला लग्नाच्या मांडवातला. गावभर आवाज फेकायला केलेला, आणि मी तो लावते कानाला. आवाजाची चावी शून्यावर आणली तरी त्याची स्वतःची खरखर तेवढीच राहते. स्पीकरवर ती चालून जाते, हेडफोनमध्ये मात्र तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी. एखाद्याला थोडंसं ऐकू येत असेल तर ते थोडंसं त्याखाली गाडलं जाणार. काहीतरी केलं पाहिजे.

शनिवार, १८ नोव्हेंबर

केलं. अर्धी शाळा सुटल्यावर बारामतीला जाऊन रेझिस्टर आणले आणि कथलाचा डाग देऊन साबणाच्या डबीत बसवले. आता ॲम्प्लिफायरची वायर डबीत आणि डबीतून हेडफोनला. अण्णा म्हणायचे, मोठ्या घशाच्या माणसाला गप्प बसवता येत नाही, लांब उभं करावं. रेझिस्टर तेच करतो. टूं आणि खरखर दोन्ही सारखीच बारीक होतात. मग चावी वर नेऊन टूं पुन्हा होता तेवढा करायचा. खरखर चावीला जुमानत नाही, ती खालीच राहते. हेडफोन लावून बघितला आणि मला स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटली. इतकं स्वच्छ.

त्यासाठी भिंतीवरच्या स्पीकरची वायर काढावी लागली. वर्ग एकदम शांत झाला. दगडाबाई पिठाच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. ओरडली नाही, याचंच नवल वाटलं. एवढंच म्हणाली, "सोमवारी परत लावा ती." मी हो म्हटलं आणि लावली नाही.

मंगळवार, २१ नोव्हेंबर

प्रतिक्षाला ऐकू येतं.

टूंना ती काहीच करत नव्हती. मग कॅसेटमधल्या शांततेत तिने चिंचोका टाकला. मला वाटलं, अंदाजाने टाकला. थोड्या वेळाने पुन्हा, मान जरा तिरकी करून, ऐकणारं माणूस करतं तशी. मी टेप बंद केला. तरी तिसरा चिंचोका पडला.

कॅसेटवर मागचा एखादा आवाज राहिला असेल, की रेडिओ पकडला जातोय? काही असो, मुलीच्या कानात जीव आहे. पुण्याला पत्र टाकलं. दगडाबाईला मिठी मारायला गेले तर ती मागे सरकली.

शुक्रवार, २४ नोव्हेंबर

आज पुण्याचं उत्तर आलं, १ डिसेंबरची तारीख मिळाली.

दुपारी जेवणं झाल्यावर मुलं भिंतीशी आपापले डबे घेऊन चिंचोक्यांनी खेळत होती. हेडफोन कुणाच्याच कानाला नव्हता. मी वह्या तपासत होते. एकदम सगळ्या डब्यांत एकाच वेळी चिंचोके पडले. वर बघितलं तर अकराही जण उसाकडच्या खिडकीकडे बघत होते.

एकमेकांचं बघून करतात. मुलं नकला करतातच.

रविवार, २६ नोव्हेंबर

प्रतिक्षाचे आईवडील भेटायला आले, आबाजी आणि सारजा. पूर्वी घरात मेंढरं होती, आता थोडा ऊस. मी मोठ्या आनंदाने बातमी सांगितली. सारजा पदर तोंडाला लावून रडायला लागली. आबाजीने विचारलं, काय ऐकती? मी म्हटलं ते कळायचंय, पण ती चिंचोका टाकते. त्याने विचारलं, "म्हंजी वो देती?" आणि उठून लेकीच्या पिशवीत कपडे भरू लागला.

मग मला सगळं ऐकावं लागलं. त्यांची मेंढरं आज्याच्या टायमापासनं ह्या वाटेनं जायची, पण ह्या माळावर कुणी कधी मुक्काम केला नाही. इथं हाक येते, ओळखीच्या माणसाच्या आवाजात. "माणूस तीनदा हाक मारतं बाई. ती दोनदाच मारती. तिसरी ऐकल्याबिगार वो द्यायची न्हाय." त्याच्या चुलत्याने दिली. तो चालत सुटला, मागे घोंगडी तेवढी सापडली. दगडाबाई मान हलवत होती. ती म्हणाली, "ह्या लेकरांना ऐकू येत न्हाय म्हणून हितं शाळा टिकली. आमच्या कानांसाठी ती खरखर व्हती. तुमी खरखर काढली आन लेकरांना वो द्यायला शिकिवलं."

हे आपल्याकडे प्रत्येकाला लहानपणी कुणीतरी सांगतं, पहिल्या हाकेला ओ देऊ नये. मलाही आजीने सांगितलं होतं. या मुलांना ते कोण सांगणार, आणि कसं? एवढं माझ्या मनात आलं, पण मी राग धरला. म्हटलं, मुलीचं आयुष्य उजळायची वेळ आली आणि तुम्ही भुताखेतांचं काय काढता. पाच दिवस द्या मला. आबाजी ऐकत नव्हता. सारजानेच त्याच्या हातातली पिशवी काढून घेतली. ती म्हणाली, "माज्या पोरीनं मला अजून हाक मारली न्हाय वो. एकदा मारू द्या."

राहिली प्रतिक्षा. माझ्या शब्दावर राहिली.

सोमवार, २७ नोव्हेंबर

दुपारी मी स्वतः हेडफोन लावून बसले. टेप बंद. आधी काहीच नव्हतं. मग लांबून, उसाच्या पलीकडून, माणूस हाक मारतं तसं काहीतरी.

डबीत आणखी रेझिस्टर घातले. टूं लावून बघितला, तो जवळजवळ ऐकूच येईना. हाक होती तेवढीच. चावी शून्यावर आणली, तरी तेवढीच. जे रेझिस्टरने बारीक होत नाही ते ॲम्प्लिफायरमधून येत नाही. हे कळायला अण्णा लागत नाहीत.

हेडफोनची पिन काढली.

"मधू." अण्णांचा आवाज. मला दुकानातून चहाला हाक मारायचे तसा. पुन्हा एकदा, "मधू." आणि मग वाट बघितल्यासारखी शांतता. तिसरी हाक आली नाही.

मी तोंड दाबून धरलं होतं. दुसऱ्या हाताकडे बघितलं तर त्यात चिंचोका होता, डब्यावर धरलेला. तो कधी उचलला ते मला आठवत नाही.

मंगळवार, २८ नोव्हेंबर

प्रार्थनेनंतर प्रतिक्षा जागेवर नव्हती. उसाच्या कडेला सापडली, चालत. पळत नव्हती, घाईही नव्हती, कुणीतरी बोट धरून नेत असावं तशी. दगडाबाईने कंबरेला मिठी मारून उचलली तरी तिचे पाय हवेत चालत होते.

माझी चूक. माझी. वर्गात येऊन डबी तोडून फेकली, वायर परत स्पीकरला लावली. खरखर सुरू झाली आणि तिचे पाय थांबले. मी तिला जवळ घेऊन रडले. तिने माझी बांगडी धरली.

उसाच्या ट्रॅक्टरवाल्याबरोबर आबाजीला निरोप धाडला. उद्या संध्याकाळच्या गाडीने येतो म्हणाला. चावीने खरखर वाढत नाही हे माहीत आहे, तरी चावी पूर्ण वर ठेवली आहे.

बुधवार, २९ नोव्हेंबर, दुपार

हिंदुरावांच्या जीपमधून बाकीची मुलं पाठवली. ते उसनं हसत होते, पण जीपमधून उतरले नाहीत. खरखरीपासून दूर नेली तर प्रतिक्षाचे पाय पुन्हा चालू लागतील, म्हणून तिला जीपमध्ये बसवलं नाही. आम्ही तिघी उरलो. प्रतिक्षाला माझ्या हवाली केलेलं आहे, तिला आबाजीच्या हाती दिल्याशिवाय मी हलणार नाही.

खरखर चालू आहे. इतका गोड आवाज मी कधी ऐकला नव्हता.

बुधवार, दिवेलागण

दगडाबाई आबाजीला आणायला रस्त्यावर गेली आहे. जाताना थाळी आणि लाटणं देऊन गेली. लाईट गेली तर वाजवत राहा, थांबू नका.

प्रतिक्षा शेजारी झोपली आहे. कालची रात्र जागून काढली, माझेही डोळे मिट—

लाईट गेली आहे. कधी गेली कळलं नाही, डोळा लागला होता. स्पीकर गप्प. सतरंजी रिकामी. दार उघडं.

थाळी वाजवली. मग थांबवली, कारण बाहेरून—

"बाई."

मुलीचा आवाज. जाडसर, शब्द नीट न जुळलेला. ओठ मिटून उघडल्यासारखा. मी शिकवला तसाच.

लिहीत राहते. लिहिताना तोंड बंद राहतं.

"बाई." दुसरी.

उसातूनच. तिसरी येऊ दे. देवा, तिसरी येऊ दे, मग जाते.

येत नाही.

पण तीनदा मारायची असते हे तिला कोणी सांगितलं आहे? तिला ऐकू येत नाही. मी तर तिला उलटंच शिकवलं. आयुष्यातली पहिली हाक मारते आहे, अंधारात, आणि तिला कुणी ओ देत नाही. पुन्हा कधी मारणार नाही ती. सारजालाही नाही—

ओ दिली. मोठ्याने दिली. आले गं, म्हटलं.

बाहेर एकदम शांत.

खोलीत पत्र्याचा आवाज झाला. डब्यात चिंचोका पडला.

टेबलाखाली. ॲम्प्लिफायरखाली, उबेला. प्रतिक्षा तिथंच आहे. पहिल्यापासून तिथंच होती. गुडघे पोटाशी, मांडीवर डबा. देवा, ती इथं आहे, सुखरूप आहे, रस्त्याकडून आबाजीची बॅटरी दिसते आहे—

माझे पाय

बांगडी धरली आहे तिने. घट्ट. मी उभी कशी राहिले ते—

आबाजी, पोर टेबलाखाली आहे. तिला सोडू नका. माझ्यामागे येऊ नका. बांगडी फुटली तर फु